कॉर्कचा थोरला अर्ल आणि त्याचीं मुलें

पदार्थविज्ञानशास्त्राचा ओनामा गिरविणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास बॉइलचा नियम ठाऊक असतो. उष्णतामान स्थिर असतां वायूवरील दाब ज्या प्रमाणांत वाढवावा त्याच प्रमाणांत त्याचें आकारमान घटतें, हें सत्य इ. स. १६६२ मध्यें प्रसिद्ध करणारा रॉबर्ट बॉइल हा अर्वाचीन रसायनशास्त्राच्या जनकांत गणला जातो. पण या शास्त्रज्ञाला पोटापाण्याचा कोणताहि उद्योग न करितां जन्मभर ज्ञानोपासना करतां आली, आपल्या पदरच्या पैशानें यंत्रें करवून घेतां आलीं व मदतनीस ठेवतां आले, तो पैसा आला कोठून, हा प्रश्न शालेय पुस्तकें विचारीत नाहींत. त्याचें उत्तर आयर्लंडच्या दक्षिणेकडील मन्स्टर प्रांताच्या भूमींत आहे. ती भूमि बॉइल घराण्याच्या हातीं कशी आली, ही हकीकत म्हणजेच रॉबर्टचा बाप, कॉर्कचा पहिला अर्ल रिचर्ड बॉइल, याचें चरित्र होय. इतिहासांत त्याला ‘थोरला अर्ल’ या नांवानें ओळखतात. हा थोरपणा कोणत्या जातीचा होता आणि त्याच्या मुलांनीं त्याचें पुढें काय केलें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम साधनांविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. रिचर्ड बॉइलसंबंधीं आपणांस जी माहिती आहे तिचा मोठा भाग त्याच्याच लेखणींतून उतरलेला आहे. १६३२ सालीं, वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, त्यानें एक छोटेखानी आत्मवृत्त लिहिलें. शिवाय तो रोजनिशी नियमानें ठेवीत असे. त्याचीं पत्रें व हिशेबाचे कागद लिस्मोर येथील त्याच्या किल्ल्यांत जपून राहिले, आणि या दप्तरांतील निवडक भाग ग्रोसार्ट नांवाच्या विद्वानानें १८८६ ते १८८८ च्या दरम्यान दहा खंडांत छापून काढला. चरित्रकाराला याहून अधिक काय हवें? परंतु या विपुलतेंतच एक धोका आहे. ज्यानें आपला जमाखर्च आपणच लिहिला त्याच्या वहींत जमेची बाजू ठळक असावी यांत नवल नाहीं. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या रोजनिशा लिस्मोरच्या दप्तरांत नाहींत. पुढील मजकूर वाचतांना वाचकांनीं ही गोष्ट विसरूं नये.

रिचर्ड बॉइल हा १५६६ च्या आक्टोबर महिन्यांत इंग्लंडांतील कँटरबरी शहरीं एका बेताच्या घराण्यांत जन्मला. तो दुसरा मुलगा. आणि वडील मुलासच वारसा देणाऱ्या इंग्लंडच्या रिवाजांत धाकट्यांना आपलें नशीब स्वतःच शोधावें लागे. केंब्रिज येथें थोडें शिक्षण झाल्यावर त्यानें कायद्याचा अभ्यास आरंभिला, परंतु तो चालविण्याइतका पैसा नसल्यामुळें एका मोठ्या न्यायाधीशाच्या पदरीं कारकुनी पत्करली. कारकुनींत जन्म काढण्याचा त्याचा पिंड नव्हता. २३ जून १५८८ रोजीं तो डब्लिन येथें उतरला, तेव्हां त्याचें वय बावीस वर्षांचेंहि नव्हतें. त्या दिवशींची आपली सारी मालमत्ता त्यानें पुढें मोठ्या अभिमानानें नोंदून ठेविली आहे: रोख २७ पौंड ३ शिलिंग, आईनें दिलेली हिऱ्याची अंगठी, एक सोन्याचें कंकण, अंगावर रेशमी बंडी व काळ्या मखमालीची तुमान, कांहीं कपडे, एक तलवार व एक कट्यार. या यादींत एक वस्तु मात्र नमूद नाहीं. आणि तीच पुढें सर्वांत अधिक फळाला आली. ती म्हणजे कायद्याच्या कागदांत फट कोठें असते हें ओळखणारी दृष्टि.

त्या वेळीं अशा दृष्टीच्या माणसाला आयर्लंडसारखी दुसरी भूमि नव्हती. १५७९ पासून १५८३ पर्यंत मन्स्टर प्रांतांत डेझ्मंडच्या अर्लचें बंड पेटलें होतें. तें इंग्रजांनीं मोडलें तें केवळ तलवारीनें नव्हे. उभीं पिकें जाळून व गुरें मारून सारा प्रांत उपासमारीच्या खाईंत लोटला, तेव्हां तें मोडलें. अर्ल मारला गेला आणि त्याचा अफाट मुलूख राणी एलिझाबेथच्या सरकारनें खालसा केला. १५८६ पासून त्या मुलुखाचे तुकडे पाडून ते इंग्रज सरदारांस व वसाहतवाल्यांस वांटण्यांत आले. सर वॉल्टर रॅले याच्या वांट्यास सुमारें ४२,००० एकर जमीन आली. वाटणी कागदावर सरळ दिसली तरी प्रत्यक्षांत कोणती जमीन बंडखोराची, कोणती निरपराध्याची, कोणती मठाची व कोणती पूर्वींच सरकारजमा झालेली, याचा गोंधळ अपार होता. आयरिश लोकांच्या जुन्या वहिवाटी कुळाकुळांच्या स्मरणांत होत्या. इंग्रजी कायद्याला मोहोरबंद सनद हवी होती, आणि स्मरणाला मोहोर नसते.

याच गोंधळांत बॉइलला हवें तें काम मिळालें. सुमारें १५९० मध्यें तो आयर्लंडच्या बेवारस व जप्त मालमत्तेच्या अधिकाऱ्याचा दुय्यम झाला. कोणत्या जमिनी कायद्यानें राणीच्या असून खाजगी लोकांनीं ‘दडवून’ ठेविल्या आहेत हें पंच बसवून शोधणें, हें या खात्याचें काम. कल्पना अशी कीं, शोध लागला म्हणजे सरकारचा महसूल वाढावा. प्रत्यक्षांत व्यवहार निराळाच चाले. दरबारांतील एखाद्या मर्जींतल्या माणसाला अमुक वार्षिक किंमतीच्या दडविलेल्या जमिनी घेण्याचा परवाना मिळे. तो माणूस आयर्लंडास कधीं येतच नसे. आपला परवाना तो विकून टाकी. बॉइल असे परवाने विकत घेई, आपल्याच खात्यांतून मिळालेल्या माहितीवरून त्यांत उत्तमांतल्या उत्तम जमिनी भरी, आणि त्यांचें मूल्य मात्र अत्यल्प दाखवी. ज्याची जमीन, त्याच्यापुढें दोन वाटा राहत: बॉइलशीं तडजोड करून तीच जमीन पुन्हां पैसे भरून घ्यावयाची, नाहीं तर ती सोडून द्यावयाची. यांत लाच किती, लबाडी किती व केवळ कायद्याची चलाखी किती, हें वेगळें काढणें कठीण आहे. इतकें खरें कीं, त्याच्या काळींहि हा प्रकार साऱ्यांच्या डोळ्यांवर आला होता. कोषाध्यक्ष सर हेन्री वॉलप याच्यासारख्या वजनदार अधिकाऱ्यांनीं त्याच्यावर आरोप ठेवले आणि त्याला अनेक वेळां तुरुंगाची वाट दाखविली.

मध्यंतरीं १५९५ च्या नोव्हेंबरांत त्यानें लिमेरिककडील एका जमीनदाराची मुलगी जोन ॲप्स्ली हिच्याशीं लग्न केलें. तिच्याबरोबर सालिना ५०० पौंड उत्पन्नाची जमीन आली. चार वर्षांनीं, १५९९ च्या डिसेंबरांत, ती मॅलो येथें बाळंतपणांत वारली; मूलहि मृतच उपजलें. त्याच्या आधींच्याच वर्षीं मन्स्टरमध्यें पुन्हां बंड उठून इंग्रजांची वसाहत पार धुळीस मिळाली होती. कवि एडमंड स्पेन्सर याच बंडांत घरदार टाकून पळाला. बॉइलहि सर्वस्व गमावून इंग्लंडास परतला. तेथें वॉलपनें त्याला पुन्हां अटकेंत घातलें. या संकटाचेंच बॉइलनें सोनें केलें. तो आत्मवृत्तांत सांगतो त्याप्रमाणें, राणीनें जातीनें त्याची बाजू ऐकून घेतली. त्यानें आपलें निर्दोषत्व तर मांडलेंच, पण वॉलपच्या हिशेबांतील घोटाळेहि तिच्यापुढें ठेविले. हे कागद त्यानें अशाच वेळेसाठीं जपून ठेविले होते. परिणाम असा झाला कीं, वॉलपच्या जागीं दुसऱ्याची योजना झाली व बॉइल १६०० सालीं मन्स्टरच्या कौन्सिलाचा चिटणीस होऊन आयर्लंडास परत आला. १६०१ च्या डिसेंबरांत किन्सेल येथें आयरिश व स्पॅनिश सैन्यांचा मोड झाला, तेव्हां ती विजयाची वार्ता लंडनला पोंचविण्याचा मानहि त्यालाच मिळाला.

किन्सेलनें आयर्लंडचें भवितव्य ठरविलें, तसें बॉइलचेंहि ठरविलें. १६०२ च्या डिसेंबरांत त्यानें रॅलेची ती ४२,००० एकरांची जहागीर १,५०० पौंडांस खरेदी केली. बंडानें उजाड झालेली ही जमीन रॅलेला डोईजड झाली होती. पुढच्याच वर्षीं रॅलेवर राजद्रोहाचा आरोप येऊन त्याची मिळकत जप्तीस पात्र झाली. बॉइलनें तत्परतेनें नव्या राजाकडून आपल्या नांवें सनद करून घेतली. २५ जुलै १६०३ रोजीं त्यानें आयर्लंडचा राज्यसचिव सर जेफ्री फेंटन याची मुलगी कॅथरिन हिच्याशीं दुसरें लग्न केलें आणि त्याच दिवशीं त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली. आपण हुंडा मागितला नव्हता, असें तो मोठ्या धन्यतेनें लिहितो. आणि सासऱ्यानें तरीहि एक हजार पौंड सोनें दिलें, हें नोंदावयासहि विसरत नाहीं. या दोन वाक्यांत हा सारा माणूस दिसतो. त्याचें पत्नीवर प्रेम होतें यांत शंका नाहीं. पण प्रेमाचीहि नोंद वहींत झाल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

केवळ लुटारू म्हणून त्याला निकालांत काढणें हा मात्र अन्याय होईल. त्या काळीं आयर्लंडांत जमिनी बळकावणारे पुष्कळ होते. त्यांतले बहुतेक मिळालेला पैसा घेऊन इंग्लंडांत चैन करीत. बॉइल तेथेंच राहिला आणि त्यानें बांधलें. बँडन हें तटबंदीचें गांव त्यानें भरभराटीस आणिलें, यॉल बंदराचा व्यापार वाढविला, पूल, शाळा व अनाथगृहें उभारलीं, लोखंडाच्या भट्ट्या घातल्या, इंग्लंडांतून विणकर व कारागीर आणून वसविले. लिस्मोर येथील जुना बिशपांचा वाडा राजवाड्याच्या तोलाचा केला. पण बँडनच्या तटाआंत राहण्याचा अधिकार इंग्रज प्रॉटेस्टंटांचा होता. भट्ट्यांना कोळसा व परदेशच्या पिंपांना फळ्या पुरविण्यासाठीं ब्लॅकवॉटर व बँडन नद्यांच्या कांठचीं जुनीं अरण्यें तोडलीं गेलीं. ज्यानें गांव वसविला त्याच हातानें दुसरा गांव उठविला, हें दोन्ही एकदम सांगितल्याशिवाय त्याचें वर्णन पुरें होत नाहीं.

मान व पदव्या ओघानेंच आल्या. १६१३ मध्यें तो लिस्मोरतर्फे आयरिश पार्लमेंटांत बसला. १६१६ मध्यें बॅरन व १६२० मध्यें कॉर्कचा अर्ल झाला. त्या काळीं सरदारकी दरबारीं द्रव्य मोजून मिळे, आणि बॉइलनेंहि ती तशीच मिळविली. त्याचा भाऊ कॉर्कचा बिशप झाला, एक चुलतभाऊ त्याच्यामागून त्याच गादीवर बसला व दुसरा वॉटरफर्ड आणि लिस्मोरचा बिशप झाला. चर्चच्या जमिनी अल्प खंडानें दीर्घ मुदतीस घेणाऱ्या माणसाला बिशप आपल्याच घरचे असणें किती सोयीचें, हें निराळें सांगावयास नको. आयर्लंडांतील गडबड सुरू होण्यापूर्वीं त्याचें उत्पन्न दिवसास ५० पौंड होतें असें त्याचेंच म्हणणें आहे. राजाच्या प्रजाजनांत त्याच्याइतका श्रीमंत क्वचितच कोणी असेल. एवढ्या वैभवावर त्यानें जें बोधवाक्य कोरविलें त्याचा अर्थ असा: ईश्वराची कृपा हाच माझा वारसा. यांत ढोंग होतें असें मानण्याचें कारण नाहीं. आपल्या प्रत्येक लाभांत देवाचा हात आहे अशी त्याची मनापासून श्रद्धा होती. पण ज्याला आपला लाभ देवाचा प्रसाद वाटतो, त्याला त्याच लाभानें नागविलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहण्याची गरज उरत नाहीं.

कॅथरिनला एकंदर पंधरा मुलें झालीं: सात मुलगे व आठ मुली. बॉइलच्या दृष्टीनें जहागिरी जितकी मोलाची तितकेंच हें संतानहि. कारण पहिल्या पिढींत मिळविलेलें धन दुसऱ्या पिढींत खानदान झालें तरच टिकतें. त्याकरितां त्यानें एक जुना कायदा उपयोगांत आणिला. राजाच्या सरदाराचा वारस अज्ञान असला तर त्याचें पालकत्व राजाकडे जाई, आणि राजा तें विकूं शके. पालकाला त्या वारसाचें शिक्षण व लग्न ठरविण्याचा अधिकार असे. बॅरिमोरचा तरुण वारस हा जुन्या मन्स्टरी घराण्यांतला. त्याचें पालकत्व घेऊन बॉइलनें त्याला आपली मुलगी ॲलिस दिली. किल्डेअरचा अर्ल म्हणजे आयर्लंडांतील अतिप्राचीन फिट्झजेरल्ड कुळाचा मुख्य. त्याचें पालकत्व ६,६०० पौंडांस विकत घेऊन बॉइलनें त्याला जोन ही मुलगी दिली व त्याचा मेनूथचा पडका किल्ला स्वखर्चानें उभा केला. सत्तावीस पौंड घेऊन आलेल्या कारकुनाचीं नातवंडें अशा रीतीनें जुन्या आयरिश सरदारांच्या रक्ताचीं झालीं. थोरल्या मुलाला, रिचर्डला, त्यानें इंग्लंडांतील क्लिफर्ड घराण्याची वारसदार कन्या करून दिली.

या सौद्यांची किंमत मुलींनीं दिली. लेटिसचें लग्न जॉर्ज गोरिंग या दरबारी उधळ्याशीं झालें; तो जुगारांत पैसा घालवी आणि सासऱ्याकडे पुन्हां मागणी करी. कॅथरिनचा वाङ्निश्चय नऊ-दहा वर्षांच्या वयांतच एका मुलाशीं होऊन ती सासरघरीं राहावयासहि गेली होती. पण मुलाचा बाप वारल्यावर हुंड्याच्या रकमेवरून तें फिसकटलें आणि पंधराव्या वर्षीं तिला आर्थर जोन्स या, पुढें रॅनेलाचा व्हायकाउंट झालेल्या, दारुड्या व गांवढळ तरुणाच्या गळ्यांत बांधण्यांत आलें. तें लग्न शेवटपर्यंत दुःखाचेंच ठरलें. एका मुलीनें मात्र बापाला नकार दिला. मेरी तेरा-चौदा वर्षांची असतां क्लँडबॉय घराण्यांतील एका धनाढ्य वारसाशीं तिचें लग्न ठरलें. मुलगा चांगला होता, बापाची इच्छा प्रबळ होती, भावाबहिणींनीं समजूत घातली. पण तिनें आपणास तो मुळींच आवडत नाहीं असें स्पष्ट सांगितलें. बापानें तिचा नियमित खर्च बंद केला तरी ती बधली नाहीं. पुढें वॉरिकच्या अर्लचा धाकटा, अर्थात् निर्धन, मुलगा चार्ल्स रिच याच्यावर तिचें मन बसलें, आणि १६४१ च्या जुलैंत तिनें त्याच्याशीं गुपचुप लग्न केलें. म्हाताऱ्यानें अखेर क्षमा केली. गंमत अशी कीं, थोरल्या भावाच्या मागें चार्ल्सच वॉरिकचा अर्ल झाला. बापाच्या साऱ्या योजनेंत जें साधलें नसतें तें मुलीच्या हट्टानें साधलें. तथापि मेरीच्या रोजनिशीवरून पाहतां तिचाहि संसार सुखाचा झाला नाहीं. आपण बापाची अवज्ञा केली ही टोंचणी तिला जन्मभर राहिली.

१६२९ मध्यें बॉइल दुसऱ्या एका सरदाराबरोबर आयर्लंडचा लॉर्ड जस्टिस झाला. म्हणजे राजप्रतिनिधीच्या गैरहजेरींत देशाची सूत्रें त्याच्या हातीं आलीं. १६३१ मध्यें तो आयर्लंडचा मुख्य कोषाध्यक्षहि झाला; वॉलपनें ज्या खात्यांतून त्याला तुरुंगांत धाडलें त्याच खात्याचा हा कळस. कॅथोलिकांच्या बाबतींत त्याचा अंमल कडक होता. लॉक डर्ग येथील सेंट पॅट्रिकचें पुरातन यात्रास्थान १६३२ मध्यें याच लॉर्ड जस्टिसांच्या हुकुमानें मोडण्यांत आलें. १६३० च्या फेब्रुवारींत त्याची पत्नी वारली. तिच्या स्मरणार्थ डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलांत, ऐन वेदीच्या जागीं, त्यानें एक मजलेदार भव्य स्मारक उभारलें. त्यांत तिचे आईबाप व आजा, स्वतः तो व ती, आणि खालीं रांगेनें मुलें, अशा रंगीत मूर्ति बसविल्या.

हेंच स्मारक त्याच्या मानहानीचें निमित्त झालें. १६३३ च्या जुलैंत टॉमस वेंटवर्थ हा लॉर्ड डेप्युटी होऊन आला. राजाचें उत्पन्न वाढविण्याचा त्यानें विडा उचलला होता, आणि आयर्लंडांत राजाचा व चर्चचा माल कोणी पचविला आहे हें ओळखावयास त्याला वेळ लागला नाहीं. वेदीच्या जागीं एका जमीनदाराचें थडगें पाहून भक्तांनीं त्यालाच गुडघे टेंकावे कीं काय, असा वाद उठला; आर्चबिशप लॉडनें तो उचलून धरिला, आणि अखेर स्मारक उकलून बाजूला हलवावें लागलें. त्याहून मोठा घाव पुढेंच होता. यॉल येथील एका जुन्या धार्मिक संस्थेचें उत्पन्न बॉइलनें गिळल्याचा खटला वेंटवर्थनें चालविला, आणि १६३६ मध्यें बॉइलला १५,००० पौंड दंड भरावा लागला. सनदेंतील फट हुडकून दुसऱ्याच्या जमिनी घेणाऱ्याच्याच सनदेंत कोणी फट हुडकली, हा काव्यमय न्याय खरा. पण वेंटवर्थचा हेतु गरीब आयरिशांना न्याय देण्याचा नव्हता, राजाची तिजोरी भरण्याचा होता, हेंहि लक्षांत ठेविलें पाहिजे. बॉइलनें रोजनिशींत दुखणें नोंदविलें आणि वाट पाहिली. १६४१ मध्यें पार्लमेंटानें वेंटवर्थवर, म्हणजे आतां स्ट्रॅफर्डचा अर्ल झालेल्या माणसावर, खटला भरला तेव्हां साक्ष देणाऱ्यांत बॉइल होता. त्या १२ मे रोजीं स्ट्रॅफर्डचा शिरच्छेद झाला.

सुडाचें समाधान फार दिवस टिकलें नाहीं. आक्टोबर १६४१ मध्यें आयर्लंडांत भयंकर उठाव झाला. उखडलेल्या लोकांची साठ वर्षांची चीड एकदम बाहेर पडली, आणि अनेक निरपराध वसाहतवालेहि तिच्या भक्ष्यस्थानीं पडले. पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्या अर्लनें यॉलच्या तटाआंत ठाण मांडलें. मुलांना व जांवयांना सैन्याचे नायक करून तो लढला. ३ सप्टेंबर १६४२ रोजीं लिस्कॅरलच्या लढाईंत त्याचा तेवीस वर्षांचा मुलगा लुइस ठार झाला. खंड येईनासा झाला. युरोपच्या प्रवासांत असलेल्या फ्रान्सिस व रॉबर्ट या मुलांना त्यानें मोठ्या प्रयासानें जमविलेले २५० पौंड धाडले. तेहि त्यांना पोंचले नाहींत. फ्रान्सिस लढावयास घरीं आला. पंधरा वर्षांचा रॉबर्ट शिक्षकाच्या उधारीवर जिनीव्हा येथें दिवस काढीत राहिला. १६४३ च्या सप्टेंबरांत, राजपक्षानें बंडवाल्यांशीं तहकुबीचा करार केला त्याच सुमारास, अर्ल यॉल येथें मरण पावला व तेथेंच सेंट मेरीच्या चर्चमध्यें त्याला पुरलें. ५५ वर्षांपूर्वीं २७ पौंड घेऊन आलेला माणूस मरतेवेळीं पुन्हां रोख पैशाला महाग झाला होता.

जमीन मात्र सुटली नाहीं. त्या सर्व उलथापालथींत मुलांनीं ती संभाळली, आणि कशी, हें पाहण्यासारखें आहे. थोरला रिचर्ड राजपक्षाचा. राजा परत आल्यावर तो बर्लिंग्टनचा अर्ल झाला. तिसरा मुलगा रॉजर, लॉर्ड ब्रॉगहिल, यानें क्रॉमवेलशीं जमवून घेतलें व १६४९ नंतरच्या आयर्लंडच्या क्रूर मोहिमेंत त्याच्या बाजूनें पराक्रम केला. १६५७ मध्यें क्रॉमवेलनें राजमुकुट घ्यावा असें सुचविणाऱ्यांत तो अग्रेसर होता. आणि १६६० मध्यें राजाला परत आणण्याच्या कामींहि तो मागें राहिला नाहीं. त्याबद्दल त्याला ऑररीचा अर्ल करण्यांत आलें. नाटकें, कादंबरी व युद्धकलेवरील ग्रंथहि त्यानें लिहिला. घराणें अशा रीतीनें दोन्ही पारड्यांत पाय ठेवून उभें होतें. कोणतेंहि पारडें खालीं गेलें तरी मन्स्टरची जहागीर वरच राहावयाची. पुढें १७५३ मध्यें विवाहसंबंधानें लिस्मोर डेव्हनशरच्या ड्यूकांकडे गेलें.

परंतु या कुटुंबाचें नांव जगाच्या स्मरणांत राहिलें तें या चतुर मुलांमुळें नव्हे. दुःखी लग्नांतून बाहेर पडून कॅथरिन रॅनेला लंडनमध्यें राहूं लागली आणि तिचें घर विद्वानांचें भेटण्याचें ठिकाण झालें. कवि मिल्टननें तिच्या मुलास शिकविलें. १६४४ मध्यें परदेशाहून कफल्लक परतलेला रॉबर्ट लंडनांत योगायोगानें तिच्या दाराशीं आला, आणि तेव्हांपासून ती त्याची आई, गुरु व सखी झाली. रॉबर्टला आई आठवतच नव्हती. मुलें लाडानें बिघडूं नयेत म्हणून अर्ल त्यांना तान्हेपणींच खेड्यांतील दाईकडे देई, आणि रॉबर्ट तीन वर्षांचा असतां आई वारली. १६६८ पासून बहीणभाऊ पॉल मॉल येथील एकाच घरांत राहिले. भाऊ सारे सरदार झाले. रॉबर्टनें सरदारकी नाकारली. १६८० मध्यें रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद चालून आलें, तें शपथेच्या अडचणीमुळें सोडलें.

आयर्लंडचें ऋण मात्र त्याला सुटलें नाहीं. १६५२ ते १६५४ या काळांत तो जहागिरीच्या कामासाठीं तेथें राहिला. रसायनाचीं साधनें मिळत नाहींत म्हणून तो कुरकुरला, आणि विल्यम पेटीबरोबर शवविच्छेदनें करीत वेळ घालविला. हाच पेटी पुढें जप्त जमिनींची मोजणी करून नव्या मालकांना त्या वांटणाऱ्या खात्याचा प्रमुख झाला. १६६२ मध्यें, रॉबर्टनें मागितलें नसतां, जप्त झालेल्या मठांच्या दशमांशाचें आयरिश उत्पन्न त्याच्या नांवें करण्यांत आलें. तें त्यानें धर्मकार्यास लावलें. बिशप बेडेलनें केलेलें जुन्या कराराचें आयरिश भाषांतर बंडाच्या धामधुमींत तसेंच पडून होतें. रॉबर्टनें आयरिश लिपीचे नवे खिळे पाडविले, १६८१ मध्यें नवा करार व १६८५ मध्यें जुना करार त्या भाषेंत छापविला. ज्या लोकांची भूमि बापानें घेतली त्यांच्या भाषेंत मुलानें ग्रंथ दिला. हेतु धर्मांतराचा होता हें उघड आहे. तथापि आयरिश भाषेच्या इतिहासांत या ग्रंथाचें स्थान मोठें आहे. हाच रॉबर्ट कांहीं वर्षें ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांत होता. पूर्वेकडे व्यापार करणाऱ्यांनीं तेथील लोकांना धर्महि द्यावा असा त्याचा आग्रह असे, आणि १६७७ मध्यें ऑक्सफर्ड येथें छापलेल्या मलायी भाषेंतील शुभवर्तमानांचा खर्च त्यानें सोसला. ज्या कंपनीच्या कारभाराचे परिणाम आपण हिंदी लोकांनीं पुढें भोगले तिच्या बैठकींत मन्स्टरच्या थोरल्या अर्लचा मुलगा बसला होता, हा संबंध विचार करावयास लावणारा आहे.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षीं, १६९१ मध्यें, रॉबर्टनें बर्नेट व स्टिलिंगफ्लीट या दोन विद्वान धर्मगुरूंना बोलावून आपल्या मनांतील शंका त्यांच्यापुढें मांडल्या. त्यांत आयर्लंडच्या त्या मठांच्या उत्पन्नाचाहि प्रश्न होता: जें मूळचें देवाच्या कामाचें, तें आपण खाजगी माणसानें घेतलें हें धर्माला धरून झालें काय? बापाला हा प्रश्न ७७ वर्षांत पडल्याचें त्याच्या दप्तरांत दिसत नाहीं. त्याला जें मिळालें तें ईश्वराची कृपा होती, आणि कृपेची कोणी पावती मागत नाहीं. मुलानें ती मागितली. थोरल्या अर्लनें मिळविलेल्या सर्व वस्तूंत ही अस्वस्थता कोठें नव्हती. तरी त्याच्याच धनानें, त्याच्याच घरांत ती जन्मली. मनुष्याचें कर्तृत्व त्याच्या मुलांत कसें फळेल हें कोणत्याहि सनदेंत लिहितां येत नाहीं.

त्याला थोर म्हणावें काय? धैर्य, चिकाटी व उभारणीची शक्ति यांना थोरपण म्हणावयाचें असेल तर निःसंशय म्हणावें. पण इतिहासानें ती पदवी देतांना ज्यांचीं नांवें त्याच्या वहींत नाहींत त्यांच्याकडेहि एकवार पाहावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे. आज डब्लिनचें तें स्मारक कॅथीड्रलाच्या पश्चिम टोंकाला उभें आहे. त्यांतील मुलांच्या रांगेंत मधोमध एक लहान मूर्ति आहे. ती रॉबर्टची असें मानतात. यॉल येथेंहि अर्लचें दुसरें देखणें थडगें आहे. २३ डिसेंबर १६९१ रोजीं कॅथरिन वारली, आणि तिच्या मागोमाग आठवड्याभरांतच रॉबर्टहि गेला. दोघांना लंडनच्या सेंट मार्टिनच्या जुन्या चर्चांत पुरलें. पुढें तें चर्च पाडून नवें बांधण्यांत आलें, आणि त्यांच्या थडग्यांची जागा कोठें होती याचाहि पत्ता राहिला नाहीं.